बुटका अनंत: लागवडीच्या नोंदी

४ जून २०२३

तीन रोपं आली. अनंतच, पण नेहमीचा नव्हे. नेहमीचा अनंत माणसाच्या उंचीपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. हा बुटका, बारीक पानांचा, जमिनीलगत हातपाय पसरणारा. बागकाम करणारे याला ‘रॅडिकन्स’ म्हणतात. उंची ३० ते ६० सेंटिमीटर, आडवा पसारा मात्र मीटरभर. आज मोजली तेव्हा रोपं २२, २५ आणि १९ सेंटिमीटर भरली.

जागा खिडकीखालची पट्टी. तिथे वर्षभर हिरवं राहणारं, खिडकीच्या वर डोकं न काढणारं आणि संध्याकाळी वास आत येईल असं काहीतरी हवं होतं. आधी कुंतीचा विचार तीन दिवस केला. कुंतीही सदाहरित, वासही सुरेख, पण ती आपल्या मर्जीने दोन-तीन मीटर वाढते. बुटकी ठेवायची तर सारखी कात्री लावावी लागणार, आणि तिची फुलं शेंड्यावर येतात, म्हणजे कात्रीबरोबर फुलंही जाणार. शिवाय लिंबावर येणारी सायला ही रसशोषक कीड कुंतीवरही सुखाने नांदते आणि माझं लिंबाचं झाड चार पावलांवर आहे. कुंती बाद.

५ जून

दोन जमिनीत, एक कुंडीत. जमिनीतल्यांना नावं दिली: भिंतीकडचा आणि वाटेकडचा. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, खोली मात्र गोळ्याएवढीच. खोल लावलेला अनंत बुंध्याशी कुजतो, म्हणून गोळ्याचा माथा जमिनीच्या बोटभर वरच ठेवला. वर पालापाचोळ्याचं आच्छादन, बुंध्यापासून चार बोटं दूर.

२ जुलै

पाऊस लागला आहे. तिन्ही रोपांना नवती आली. कोवळी पानं पोपटी, तेल चोपडल्यासारखी चमकतात. मी काहीच करत नाही आणि सगळं छान चाललं आहे.

१९ ऑगस्ट

अजूनही छान. पावसात बसून वाचन झालं तेवढं इथे टिपून ठेवते.

अनंत कॉफीच्या कुळातला. पानं समोरासमोर, कधी एकेका पेरावर तीन-तीन, आणि देठांच्या मधे ती बारीकशी टोपी, हे या कुळाचं लक्षण. कदंब आणि सिंकोनाही याच घरातले. इंग्रजीतलं गार्डेनिया हे नाव बागेवरून आलं असेल असं मला इतकी वर्षं वाटायचं. ते आलं अलेक्झांडर गार्डन या अठराव्या शतकातल्या स्कॉटिश डॉक्टरवरून. अमेरिकेत चार्ल्सटनला वैद्यकी करता करता तो झाडं आणि प्राणी गोळा करून युरोपात पाठवायचा. झाड मूळचं दक्षिण चीन, तैवान, जपान, व्हिएतनाम या बाजूचं. तिथे पाऊस भरपूर आणि माती आम्लधर्मी, सामू (पीएच) पाच ते सहाच्या आसपास.

हे शेवटचं वाक्य मी वाचलं, वहीत लिहिलं आणि पान उलटलं. तिथेच थांबले असते तर पुढचे तीन महिने वाचले असते.

२९ ऑक्टोबर

पाऊस जाऊन तीन आठवडे झाले, आता नळाचं पाणी देते आहे. भिंतीकडच्याचे शेंडे पिवळे पडलेत. वाटेकडचाही किंचित फिकट. कुंडीतला मात्र हिरवागार.

शेजारच्या काकांनी कुंपणावरून पाहिलं. “पाणी जास्त होतंय हो तुमचं.” बोट घालून पाहिलं तर माती छान वाफशावर होती, चिखल नव्हता. मग मीच ठरवलं की मॅग्नेशियम कमी पडतंय. चमचाभर मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात विरघळवून दिलं. कशावरून ठरवलं? पूर्वी एका गुलाबाला लागू पडलं होतं, एवढ्यावरून.

१२ नोव्हेंबर

दोन आठवड्यांत काडीचा फरक नाही. आज भिंग घेऊन बसले. हे आधीच करायला हवं होतं.

सगळ्यात वरची चार पानं लिंबासारखी पिवळी, पण शिरा हिरव्या. मधली मुख्य शीर, तिला फुटलेल्या बाजूच्या शिरा आणि त्यांचं बारीक जाळंसुद्धा हिरव्या शाईने आखून काढल्यासारखं स्पष्ट. त्यांच्या मधला भाग तेवढा फिका. एका पानाचं टोक भाजल्यासारखं तपकिरी. खालची जुनी पानं मात्र गर्द हिरवी, त्यांना कशाची झळच नाही.

मॅग्नेशियमचं दुखणं याच्या उलट दिसतं. मॅग्नेशियम झाडाच्या अंगात हलतं. कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्यांना देतं, म्हणून आधी जुनी पानं पिवळी होतात. लोह एकदा जुन्या पानात गेलं की तिथेच बसतं. म्हणून लोह कमी पडलं की नवी पानं पिवळी जन्मतात. म्हणजे हे लोहाचंच दुखणं, आणि ते मातीत नसेल असं नव्हे, झाडाला ते उचलता येत नसेल.

रात्री ताईला फोन केला. तिचा अनंत आठ वर्षांचा आहे, दरवर्षी लगडतो.

“लोहाचं कुठलं औषध देऊ ते सांग.”

“अगं, औषधाचं नंतर बघू. पाणी कुठलं घालतेस?”

“नळाचं. दुसरं कुठलं घालणार?”

“किटलीत पांढरा थर बसतो का त्याचा?”

“बसतो. पण मी औषधाचं विचारतेय ताई.”

“मग बस विचारत,” म्हणाली आणि हसली.

१९ नोव्हेंबर

सकाळी व्हिनेगर घेऊन पट्टीत उतरले. तीन ठिकाणची चमचा-चमचा माती पांढऱ्या बशीत घेतली, वर व्हिनेगर ओतलं (मातीत चुना असला की ते फसफसतं) आणि कान जवळ नेला. लिंबाच्या आळ्यातली माती गप्प. वाटेकडची बारीक चुरचुरली. भिंतीकडच्या मातीला सोड्यासारखा फेस आला आणि तो कितीतरी वेळ फुगत राहिला. खुरप्याने वीतभर उकरलं तर गिलाव्याचे तुकडे, सिमेंटचे पोपडे, विटांचा भुगा. घर बांधणाऱ्यांनी भिंतीलगत राडारोडा पुरला आहे आणि त्यावर चार बोटं चांगली माती पसरली आहे.

पावसात झाड का बरं होतं हेही आता कळलं. तोवर मुळं सोबत आणलेल्या मातीच्या गोळ्यातच होती. ऑगस्ट-सप्टेंबरात ती गोळ्याबाहेर पडली आणि थेट चुन्यात शिरली. सामूपट्टीवर भिंतीकडची माती आठच्या जवळ आली. एवढ्या सामूला मातीतलं लोह विरघळतच नाही. गंजासारखं घट्ट होऊन पडून राहतं. हिराकस (फेरस सल्फेट) घातलं असतं तरी तेच झालं असतं, काही दिवसांत त्याचा तांबूस गाळ.

मग गंधकाचा हिशेब केला, कारण जिथे तिथे ‘गंधक घाला’ असाच सल्ला मिळतो. गंधक मातीतले जंतू खातात आणि त्याचं आम्ल करतात. उबदार, ओलसर मातीतही याला आठवडे, कधी महिने लागतात. ते असो. पण एक चौरस मीटर जागा १५ सेंटिमीटर खोल धरली तर माती साधारण २०० किलो. त्यात चुना फक्त एक टक्का धरला तरी २ किलो. १०० भाग चुना संपवायला ३२ भाग गंधक लागतं, म्हणजे ६४० ग्रॅम. चुना एक टक्का नसून पाच टक्के असेल तर तीन किलोच्या वर. आणि भिंत दर पावसात नवा चुना सोडणारच. चुना नसलेल्या मातीत गंधक कामाचं, इथे ते समुद्रात साखर टाकल्यासारखं.

निर्णय: जमीन सुधारायची नाही. तिच्यावर चढायचं.

२६ नोव्हेंबर

उंच वाफा झाला. १८० सेंटिमीटर लांब, ८० रुंद, ३५ उंच. भिंतीपासून ६० सेंटिमीटर सोडून. विटा आणि सिमेंटचा मोह आवरला, नाहीतर पुन्हा तोच चुना. दगड सुके रचले. रचण्याआधी प्रत्येक जातीच्या दगडावर व्हिनेगरचा थेंब टाकून पाहिला. दोन दगड फसफसले, ते बाहेर. तळाशी जाड विणीचं कापड अंथरलं, म्हणजे खालची माती वर मिसळणार नाही.

भरण साधारण अर्धा घनमीटर: दहा घमेल्यांमागे चार घमेली कोकोपीट, तीन झाडाच्या सालीचे तुकडे, दोन पानांचं नीट कुजलेलं खत, एक वाळू. कोकोपीट तीनदा धुतलं, पहिलं पाणी काळ्या चहासारखं निघालं आणि चवीला खारट होतं. (हो, जीभ लावली.) वाळूवरही व्हिनेगर टाकलं, शंखशिंपल्यांचा चुरा असलेली वाळू इथे चालली नसती. राख अजिबात नाही. गांडूळखताचा मोह झाला, पण त्याचा सामू बहुतेक वेळा सातच्या आसपास किंवा वर असतो, म्हणून मूठभरच.

दोन्ही रोपं उपटताना काळजाचं पाणी झालं. वाटेकडच्याची मुळं पांढरी, जारवा (बारीक तंतुमुळं) भरपूर. भिंतीकडच्याच्या मुळांना एका बाजूने सिमेंटचा पोपडा घट्ट चिकटलेला आणि त्या बाजूचा जारवा तपकिरी, चिमटीत चोळला की साल निघून आत नुसती दोरी. पोपडा सोडवला, मेलेली मुळं छाटली आणि लावून टाकलं. गाठी कुठे दिसल्या नाहीत, म्हणजे सूत्रकृमी तरी नाहीत. तेवढंच समाधान.

१० डिसेंबर

ताईने सांगितलं नाही तरी औषध आणलंच. लोहाचे चिलेट (लोहाला धरून ठेवून विरघळलेलं राखणारी संयुगं) तीन जातींचे मिळतात आणि पुड्यावरची अक्षरं वाचल्याशिवाय घेऊ नयेत. ‘ईडीटीए’वालं सामू साडेसहाच्या वर गेला की लोह सोडून देतं. ‘डीटीपीए’वालं सात-साडेसातापर्यंत तग धरतं. ‘ईडीडीएचए’वालं नऊपर्यंतही टिकतं. मी तिसरं घेतलं. पाण्यात टाकताच गडद लाल, रक्तासारखं. दहा लिटरला ५ ग्रॅम, प्रत्येक झाडाला दोन लिटर, मुळाशी. उन्हाने ते फुटतं म्हणून संध्याकाळी दिलं आणि वर आच्छादन ओढलं. बोटं दोन दिवस लाल.

७ जानेवारी २०२४

भिंतीकडचा (आता भिंतीकडचा नाही, पण नाव तेच ठेवते) जागा झाला. नवी सहा पानं हिरवी. जुनी पिवळी होती ती पिवळीच. तीही सावरतील असं वाटलं होतं, पण नाही. शेंड्याकडून खाली बघत गेलं की त्याचं दुखणं वाचता येतं: वर हिरवं, मधे पिवळा पट्टा, खाली पुन्हा हिरवं.

आणि आता गंमत. कुंडीतला पिवळा पडायला लागला. त्याच्या कुंडीत ना गिलावा ना सिमेंट, माती पहिल्यापासून चांगली. त्याला एकच गोष्ट बाहेरून मिळते आहे.

ताईला फोन करून माफी मागितली. “किटली,” एवढंच म्हणाली.

१४ जानेवारी

पाण्याची तपासणी करून घेतली. सामू ७.८, त्यात विशेष काही नाही. खरा आकडा बायकार्बोनेटचा (किटलीतला पांढरा थर त्याच्यामुळेच): लिटरला २८० मिलिग्रॅम. म्हणजे मी दोन लिटर पाणी घातलं की अर्ध्या ग्रॅमहून जास्त बायकार्बोनेट मातीत जातं आणि तिथलं आम्ल खाऊन टाकतं. रोज थोडं थोडं. कुंडीला हे पचवायला तीन महिने लागले, एवढाच फरक.

उपाय म्हणून सायट्रिक आम्ल. दहा लिटरला ३ ग्रॅम टाकून तास-दोन तास उघडं ठेवलं की पाणी सामू सहाच्या आसपास येतं. ढवळताना बारीक बुडबुडे सुटतात, तो बायकार्बोनेटचाच वायू. तोलकाटा हवाच, डोळ्यांच्या अंदाजाने टाकू नये. पहिल्या दिवशी मी अंदाजाने टाकलं तर सामू साडेतीनवर गेला.

४ फेब्रुवारी

कळ्या! लेकीने मोजल्या: भिंतीकडचा ६, वाटेकडचा २२, कुंडीतला १३. एकूण ४१. प्रत्येकीच्या देठाशी तिने लोकरीचा धागा बांधला, म्हणजे गळली तर कळेल. धागे बांधणं हा माझा निर्णय नव्हता. झाड आत्ता लग्नाच्या मांडवासारखं दिसतंय.

कमाल-किमान तापमापी खिडकीखाली टांगली. अनंताला कळ्या धरायला रात्री थंड लागतात, १५ ते १८ अंश. त्या फुलेपर्यंत रात्री फार तापल्या तर कळ्या गळतात. सध्या किमान १६.

२ मार्च

१७ कळ्या गळाल्या. त्यांतल्या ११ एकट्या कुंडीच्या.

कारण मीच. कुंडीतला फुलला की आतून दिसावा म्हणून २० फेब्रुवारीला ती उचलून व्हरांड्यात नेली. उजेड निम्म्याहून कमी, हवा कोरडी. चार दिवसांत कळ्यांच्या बुडाशी पिवळी रेघ आली आणि बोट लागताच त्या टपटप सुटल्या. कळी मेलेली नव्हती. वरचा भाग हिरवागार, पीळ घट्ट. देठाने तिला सोडून दिलं होतं. अनंताला कळ्या असताना हलवायचं नाही, कुंडी फिरवायचीसुद्धा नाही. हे मी दुसऱ्यांना सांगितलेलं आहे.

कुंडी परत जागेवर. तेही हलवणंच झालं, पण काय करणार.

बाकीच्या सहा गळाल्या त्या सगळ्या वाटाण्याएवढ्या. एवढ्या कळ्यांतून थोड्या जातातच, त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

१७ मार्च

आज गळालेल्या दोन कळ्या वेगळ्या आहेत. मोठ्या, चांगल्या बोटाच्या पेराएवढ्या, बाहेरच्या पाकळीच्या कडेला तपकिरी चट्टे. एक नखाने उभी सोलली. पाकळ्या एकमेकींवर पिळून बसलेल्या असतात, सोलताना त्या फिरकीसारख्या उलगडतात. तिसऱ्या पदरात गवताच्या काडीच्या रंगाचे, अर्ध्या तिळाएवढे लांबट किडे धावत सुटले. फुलकिडे. फांदी पांढऱ्या कागदावर झटकली, आणखी नऊ पडले.

निळे चिकट सापळे दोन लावले. निंबोळी तेल लिटरला ५ मिलिलिटर, त्यात साबणाचे थेंब, संध्याकाळी फवारलं. घट्ट कळीच्या आत ते पोचत नाही हे माहीत आहे. बाहेरून नवे शिरू नयेत एवढाच हेतू. लागलेल्या कळ्या खुडून पिशवीत बांधून टाकल्या.

३१ मार्च

पहिलं फूल. वाटेकडच्यावर.

३ एप्रिल

त्याच फुलाचे चार दिवस लिहून ठेवते.

३० तारखेला कळी हिरवट पांढरी, पीळ उजवीकडून डावीकडे, कोणीतरी ओला रुमाल पिळून उभा केल्यासारखी. ३१च्या दुपारपर्यंत तशीच. चार वाजता वरची पाकळी सुटली. साडेसहाला मी पाणी द्यायला गेले तेव्हा अर्धं उघडलं होतं आणि वास नव्हता. साडेसातला खिडकीतून वास आत आला. मला तो जाणवण्याआधी लेकीला आला, ती अभ्यास सोडून उठली.

दुसऱ्या दिवशी पांढरंशुभ्र, डोळ्यांना टोचेल इतकं. तिसऱ्या दिवशी साय धरल्यासारखं पिवळसर. आज चौथ्या दिवशी जुन्या कागदाच्या रंगाचं, कडा वळलेल्या, आणि वास अजून आहे, पण जड, थोडा आंबूस. हा वास मला ताज्या फुलाच्या वासापेक्षाही आवडतो, घरात कोणाला पटत नाही.

पाकळीला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी मी एकदा चिमटीत धरली, तासाभरात तिथे बोटाचा तपकिरी ठसा उमटला.

हा बहुपाकळी वाण, त्याचे पुंकेसर पाकळ्या होऊन बसलेत, त्यामुळे फळ धरणार नाही. सहा पाकळ्यांच्या साध्या अनंताला नारिंगी, कंगोरेदार फळ येतं. त्यात क्रोसिन असतं, केशराला रंग देणारंच द्रव्य. चीन-जपानात त्यापासून पिवळा रंग करत आले आहेत.

२८ एप्रिल

आत्तापर्यंत १६ फुलं. रात्रीचं किमान २३ वर गेलं आहे आणि नव्या बारीक कळ्या धरत नाहीत. बहर आटपला.

१९ मे

कुंडीतल्याची पानं वरून काळी पडली, काजळी फासल्यासारखी. बोटाने पुसली की खालून हिरवं पान. ही कोळशी, आणि कोळशीचा उगम वर बघायचा. वरच्या फांद्यांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण, कापसाच्या बोळ्यांसारखे. ते गोड चिकट पाणी गाळतात, त्यावर ही बुरशी वाढते. आणि मुंग्या त्यांची राखण करतात. कुंडीखाली मुंग्यांचं वारूळच निघालं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसला, दीड तास गेला. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेच्या तुकड्यांवर ठेवली, म्हणजे मुंग्यांचा रस्ता बंद. पानं साबणाच्या पाण्याने पुसली.

९ जून

छाटणी आजच. फुलं संपल्यावर लगेच करायची असते, मला महिना उशीर झाला. पावसाळा संपल्यावर केली तर पुढच्या वर्षीच्या कळ्या धरणाऱ्या फांद्याच जातात. वाटेकडच्याचा तिसरा हिस्सा काढला. भिंतीकडच्याला हात लावला नाही.

छाटलेल्यांतून १२ छाटकलमं: दहा सेंटिमीटरची, खालून तपकिरी होऊ लागलेली पण वर लवचीक, पेराच्या लगेच खाली तिरपा काप. दोन पानं ठेवली, तीही अर्धी कापून. बुडाला मूळ फुटण्याची पूड, निम्मं कोकोपीट आणि निम्मी वाळू, वरून पारदर्शक पिशवी. लिंबाच्या सावलीत.

२३ जून

सायट्रिक आम्लाची एक मेख उशिरा लक्षात आली. बायकार्बोनेट मारून जे सायट्रेट उरतं, ते मातीतले जंतू खातात, आणि खाल्ल्यावर पुन्हा बायकार्बोनेटच सोडतात. म्हणजे मी दिलेली सवलत उधारीची होती. पाणी ओतताना सामू सहा, पंधरा दिवसांनी माती पुन्हा वर. कुंडीची माती आज ७.१ आली त्याचा उलगडा झाला.

तेव्हा शेडच्या पत्र्याला पन्हळ लावली आणि खाली २०० लिटरची दोन पिंपं. पत्रा दहा चौरस मीटर आहे. २० मिलिमीटर पाऊस पडला की एक पिंप भरतं. पहिल्या सरीचं पाणी धुळीसकट सोडून द्यायचं, मग नळी पिंपात. तोंडाला बारीक जाळी, डासांसाठी. दोन्ही पिंपं परवाच्या एका रात्रीत भरून वाहिली आणि मी पहाटे तीनला बादल्या शोधत होते.

तिन्ही झाडांना मिळून आठवड्याला १२ लिटर. म्हणजे दोन पिंपं तेहतीस आठवडे. उन्हाळ्यात दुप्पट लागेल, तेव्हा हिशेब पार बदलेल, पण पाऊस संपल्यापासून कळ्या फुलेपर्यंतचे महिने तरी निघतील.

४ ऑगस्ट

१२ पैकी ७ कलमांना मुळं. हलकेच ओढून पाहिलं तर अडतात. तीन कुजली, दोन अजून काही ठरवत नाहीत, पानं हिरवी आणि बुडाला नुसती पांढरी गाठ.

२० ऑक्टोबर

गेल्या वर्षी याच सुमाराला पिवळी पडली होती. आज भिंग घेऊन बसले. वाटेकडचा ४१ सेंटिमीटर उंच, पसारा ७०, सगळं हिरवं. कुंडीतला हिरवा. भिंतीकडचा ३० सेंटिमीटर आणि एका बाजूला कलता. ज्या बाजूची मुळं गेली होती त्या बाजूला फांदीच नाही. शेंडे हिरवे आहेत.

पहिल्या पिंपातून तीन झाऱ्या गेल्या, दुसरं भरलेलं आहे. ताई परवा येऊन दोन कलमं घेऊन गेली. तिच्याकडे बुटका नव्हता. जाताना पिंपाचं झाकण उचलून आत बघितलं आणि म्हणाली, “जाळी फाटलीय गं एका कोपऱ्यात.”

उद्या जाळी.